शंभरात किती डाग

बागेच्या मुकादमानं टोपली उचलली आणि म्हातारीच्या अंगणातच पोतं अंथरून त्यावर पेरू ओतले. एकेक पेरू फिरवून तो तिच्या नाकासमोर धरू लागला. काल झाडावरून उतरले तेव्हा हेच पेरू कसे गुळगुळीत, नितळ होते. आज कुणाच्या गालावर, कुणाच्या बुडाशी तपकिरी डाग उठला होता. पेरूचं असंच असतं. मार आज बसतो आणि उमटतो उद्या.

मोठी तोडणी पुढच्या आठवड्यात सुरू व्हायची होती. मालक टोपल्या बंद करून प्लास्टिकची खोकी आणायची म्हणत होता, नमुन्याला दहा निळी खोकी येऊनही पडली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मुकादमानं मालकाला हो की नाही ते कळवायचं होतं. आज रविवार.

म्हातारी ओसरीत बांबूच्या कामट्या सोलत बसली होती. तिनं हातातली सुरी खाली ठेवली नाही. ह्या मुकादमाला ती शेंबडा असल्यापासून ओळखत होती आणि आता त्याच्या खिशाला पेन लागलं म्हणून काही तो तिला मोठा वाटत नव्हता. तिनं नेहमी करायची तीच गोष्ट केली. एक नवी टोपली ओढली, उपडी घातली, खांबाला धरून उठली आणि दोन्ही पायांनी तिच्यावर उभी राहिली. टोपली हूं की चूं करेना. चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात ती अशीच उभी राहिली होती आणि अशानंच तिची खोल टोपली आसपासच्या सगळ्या बागांत गेली होती. दुसऱ्या कुणाच्या टोपलीचं बूड माणसाला पेलत नसे.

मुकादम तिच्याकडे खालून वर बघत म्हणाला, "मावशी, पेरू काही टोपलीवर उभे राहत नाहीत. ते टोपलीत पडतात."

आत पाण्याच्या हौदात कामट्या भिजत घालणाऱ्या सुनेला हसू फुटलं. तिनं त्याचा खोकला केला, पण म्हातारीला दोन्हींतला फरक कळत होता. चढताना जेवढा वेळ लागला नव्हता तेवढा तिला खाली उतरायला लागला. गुडघे ऐनवेळी असे दगा देतात. मुकादम हात द्यायला पुढे झाला, तो तिनं घेतला नाही.

तो गेल्यावर म्हातारीनं पुन्हा कामटी सोलायला घेतली. बागेला दर हंगामात तीनशे टोपल्या जात, त्यावरच हे घर वर्षभर उभं असे. मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं की बागेचं काम तुटलं तर शनिवारच्या ट्रकनं तो दगडाच्या खाणीवर जाणार. शेजारचा माणूस तीन वर्षांनी खाणीवरून परत आला होता आणि आता त्याचा श्वास भिंतीपलीकडून ऐकू यायचा. म्हातारी रोज तो ऐके. ऐकला नाही असं दाखवे.

जेवताना डाग कशानं पडतात यावर तिघांची तीन मतं निघाली. म्हातारीच्या मते दोष तोडणाऱ्या बायांचा. लक्ष गप्पांत, हात सैल, मग पेरूनं करायचं काय. मुलाला वाटे, टोपलीच्या आतल्या बाजूला कामट्यांच्या कडा धारदार राहतात, त्या फळाला टोचतात. सून आठवड्यातून तीन दिवस त्याच बागेत तोडणीला जायची. ती ताटाकडे बघत म्हणाली की टोपली फार खोल आहे.

"खोल आहे म्हणून तर चाळीस वर्षं खपली," म्हातारी म्हणाली. सुनेनं पुढचा घास घेतला आणि विषय तिथंच बसला.

मुलाचं म्हणणं सगळ्यांना सोयीचं होतं, कारण त्यात कुणाचं नाक कापलं जात नव्हतं. सोमवारी आणि मंगळवारच्या सकाळी दोघा मायलेकांनी बारा टोपल्या आतून घासल्या. आधी काचेच्या तुकड्यानं, मग काचकागदानं. वारा कोरडा सुटला होता, बारीक भुसा नाकातोंडात जात होता. टोपलीच्या तोंडातून हात खांद्यापर्यंत आत घालून बुडाशी घासावं लागे, तेव्हा गाल टोपलीच्या काठाला टेके. म्हातारीच्या अंगठ्यांना जुन्या भेगा होत्या, त्या उघडल्या. तिनं त्यांवर चिंधी बांधली आणि घासत राहिली. बारावी टोपली झाली तेव्हा तिनं आतून हात फिरवून बघितला. तान्ह्या मुलाला निजवावं इतकी ती मऊ झाली होती.

दुपारी ती स्वतः बागेत गेली. एकेका बाईसमोर उभी राहून तिनं विचारलं, कशी वाटते टोपली. सगळ्यांनी सांगितलं, छान आहे मावशी. एक म्हणाली, हाताला किती मऊ लागते. तोडणाऱ्यांत एक डावखुरी होती, कुणाची भीड न ठेवणारी म्हणून नावाजलेली, तीसुद्धा म्हणाली की माझ्यासाठी दोन राखून ठेवा. म्हातारी मान ताठ करून घरी आली. सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं तिनं ते सगळं मुलाला सांगितलं.

बुधवारी सकाळी बागेच्या छपरात त्या टोपल्यांतले पेरू ओतले. मुलानं बघितलं आणि डाग कमी आहेत म्हणाला. म्हातारी म्हणाली, खूपच कमी आहेत. मुकादम म्हणाला, तेवढेच आहेत. तिघंही एकाच ढिगाकडे बघत होते. म्हातारी चांगले पेरू उचलून दाखवी, मुकादम डागाळलेले. थोडा वेळ असं चाललं आणि मग मुकादम दुसऱ्या कामाला निघून गेला. हो की नाही ते त्यानंच कळवायचं होतं, तेव्हा कोण हरलं ते स्पष्ट होतं.

परतीच्या वाटेवर सून दोन पावलं मागून चालत होती. बांध ओलांडताना ती म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक बोलते."

"रागावले तर काय बोलणार नाहीस?"

"बोलणारच आहे." सून आता बरोबरीनं चालू लागली. "तुम्ही समोर उभं राहून विचारल्यावर कोण वाईट म्हणेल? डावखुरी तुम्हाला लांबून बघितलं तरी वाट बदलते. तिला टोपल्या नको होत्या, तुम्ही लवकर जायला हव्या होतात."

म्हातारीनं पायाखालचं ढेकूळ चपलेनं फोडलं. मुलगा पुढे चालत होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही, पण त्याची पावलं आखडली.

सून बोलत राहिली. आपण आधी पेरू बघतो आणि मग कमी की जास्त ते ठरवतो, म्हणून ज्याला जे हवं ते दिसतं, असं तिचं म्हणणं. आकडा आधी सांगायचा. शंभरात इतके डाग निघाले तर माझं खरं, त्याहून जास्त निघाले तर माझं चुकलं, असं तोंडानं बोलून ठेवायचं, आणि मग मोजायचं.

"म्हणजे पैज लावायची," म्हातारी म्हणाली.

"पैज नाही. पैजेत दुसऱ्यानं हरावं असं वाटतं. मला हरलेलंही चालेल. शुक्रवारी मुकादमाच्या हातात काय द्यायचं तेवढं कळलं पाहिजे."

तिघं घराशी पोचली. दारात शेजारी बसला होता, दोन्ही हात मांडीवर टेकून, आत गेलेला श्वास बाहेर काढायच्या खटपटीत. त्यानं मान हलवली, तिनंही हलवली. ओसरीत येऊन ती चपला काढता काढता म्हणाली, "बोल, काय तुझा आकडा."

सुनेनं तो बहुधा केव्हाच ठरवून ठेवला होता. टोपली कोपरापेक्षा खोल आहे, ती म्हणाली. पहिले वीसएक पेरू ठेवताना वाकल्याशिवाय हात तळाला पोचत नाही, मग ते वरूनच सोडतात. म्हणून ते आपटतात. टोपली निम्मी उथळ केली तर हात पोचेल. "खोल टोपलीत शंभरात तीस निघाले तर उथळ टोपलीत पंधराच्या आत निघतील. पंधराच्या वर गेले तर ह्यात मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"ते झालं तर फारच बरं होईल," म्हातारी म्हणाली.

मुलगा वर्षातून चारपाचदाच नीट बोलायचा. "आणि पंधराच्या आत निघाले तर?" त्यानं विचारलं. "तू काय करशील आई?"

बोटात रुतलेलं कुसळ काढताना होतं तसं म्हातारीचं तोंड झालं. "तर खोल टोपली बंद," ती म्हणाली.

लगेच बांबू फोडायला घेतला. मुलानं उभा बांबू कोयत्यानं चिरला, सुनेनं कामट्या पाण्यात टाकल्या, म्हातारी तळ विणायला बसली. वारा इतका कोरडा होता की भिजलेली कामटी हातात येईस्तोवर कडक होई. दोन तुटल्या, एक म्हातारीच्या तर्जनीत शिरली. ऊन उतरेपर्यंत चार उथळ टोपल्या उभ्या राहिल्या. परातीसारख्या दिसत होत्या. म्हातारीला त्यांच्याकडे बघवेना. मुलानं काचकागद घेतला आणि पहिली टोपली आतून घासायला मांडीवर ओढली, तेव्हा सुनेनं त्याच्या हातातून ती काढून घेतली. का, ते त्याला कळेना.

म्हातारीला मात्र कळलं. "अरे, दोन काढे एकदम पाजले तर खोकला कुठल्या काढ्यानं गेला ते कसं कळेल?" ती म्हणाली. "उथळ आहे ती घासायची नाही. घासलेली आहे ती खोलच राहू दे. आणि एक जुनी, हातसुद्धा न लावलेली, तीही मांडायची." मग आपण सुनेची बाजू घेऊन बोललो हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं भुसा झाडायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

अंधार पडायच्या आत ती एकटीच मुकादमाकडे जाऊन आली. त्याला म्हणाली, उद्या तुझं निळं खोकंही ह्यात मांड. सगळ्यांचे शंभर-शंभर पेरू. खोक्यात माझ्या उथळ टोपलीपेक्षा जास्त डाग निघतील. नाही निघाले तर मी उठून जाईन, डागांबद्दल पुन्हा शब्द काढणार नाही. मुकादमाचं ह्यात काही जात नव्हतं. तो बरं म्हणाला.

गुरुवारी ती बागेत गेली नाही. आपण तिथं दिसलो की बायांच्या हातांचं वळण बदलतं हे तिनं मनाशी कबूल केलं होतं, पण ते कबूल करून दिवसभर घरी बसणं फार अवघड गेलं. पेरू सुनेनंही तोडायचे नाहीत असं ठरलं होतं. ती नुसती कुठले पेरू कशातून आले त्याप्रमाणे ढिगांच्या पोत्यांखाली रंगीत चिंधी सारायची. म्हातारीनं अंगण दोनदा झाडलं. कोयत्याला धार लावली. मुलगा कोपऱ्यात आपली पिशवी भरत होता, दोन सदरे, एक पांघरूण. तिनं ते बघितलं आणि धार लावलेल्या कोयत्याला पुन्हा धार लावायला घेतली.

शुक्रवारी सकाळी छपरात चार ढीग मांडले होते. कुठला कशातला, ते चिंधी काढल्याशिवाय सांगता येत नव्हतं. डावखुरी मोजायला बसली, मुकादम डाग असलेले बाजूला काढू लागला. म्हातारी खांबाला टेकून उभी होती, हात पाठीमागे बांधून, म्हणजे ते आपणहून पुढे जायला नकोत.

पहिल्या ढिगात चौतीस निघाले. चिंधी काढली, जुनी खोल टोपली. दुसऱ्यात तेहेतीस. ती घासलेली. दोन दिवस, दोन माणसं, फुटलेले अंगठे, आणि शंभरात एक पेरू वाचला होता. मुलगा आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

तिसऱ्या ढिगात अकरा निघाले. सुनेनं चिंधी ओढली, ती उथळ टोपली होती. सून काही बोलली नाही, वर बघितलंसुद्धा नाही, आणि त्याबद्दल म्हातारीनं तिला मनातल्या मनात पहिल्यांदा मानलं. दुसरी कुणी असती तर नाचली असती. ती स्वतःही नाचली असती.

चौथा ढीग खोक्याचा. डावखुरी मोजत गेली. बारा.

मुकादमानं पुन्हा मोजले. बाराच. "एकानं तुम्ही वर, मावशी," तो म्हणाला आणि डोकं खाजवू लागला. मुलानं भिंतीला टेकून इतका मोठा श्वास सोडला की सगळ्यांना ऐकू गेला.

म्हातारी पुढे आली. उथळ टोपलीच्या चांगल्या पेरूंच्या ढिगाशी ती बसली. तिला तो पेरू उभ्यानंच दिसला होता. देठाच्या खोबणीत, नखाएवढा, उन्हाच्या उलट्या बाजूला. डोळे अधू झाले होते, पण चाळीस वर्षं कामटीतली बारीक चीर शोधलेले डोळे होते ते. तिनं पेरू उचलला, अंगठ्यानं देठ बाजूला केला. डागच होता. दुसऱ्या कुणाला तो दिसला नव्हता आणि दिसणारही नव्हता. तिनं तो हातात धरला. समोर मुलाचा चेहरा होता, कितीतरी दिवसांनी सैल झालेला. तिनं पेरू फिरवला, पुन्हा बघितला, आणि डागाळलेल्यांच्या ढिगावर ठेवला.

"बारा आणि बारा," ती म्हणाली. "खोक्यात जास्त निघतील असं मी म्हणाले होते. निघाले नाहीत. माझं चुकलं." आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

मुलगा म्हणाला, "आई, तो डाग पाखराच्या चोचीचा असेल." त्याचा आवाज लहान झाला होता.

"चोचीचा असता तर साल फाटली असती," ती म्हणाली आणि छपराबाहेर पडली.

ती दहा पावलं गेली असेल नसेल, मागं डावखुरी मुकादमाला म्हणत होती की तुमची बरोबरी राहू द्या, वरच्या चढावर ते खोकं घेऊन मी जाणार नाही, उतरताना दोघी लागतात आणि पाय ठेवायला जागा एकीपुरती. मुकादमानं तिला कामचुकार म्हटलं. तिनं त्याला आणखी काही म्हटलं.

म्हातारी थांबली. उठून जाईन असा शब्द तिनं दिला होता आणि ती उठून गेली होती. डागांचा शब्द डागांपुरता होता. चढाबद्दल तर कुणीच काही बोललं नव्हतं. ती मागं वळली.

"डागांत तुझं खोकं आणि माझी टोपली सारखी," ती मुकादमाला म्हणाली. "त्यात मी पडले. आता ही म्हणते ते खरं असेल किंवा हिला काम नको असेल, मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. आज दिवसभर चढावर दोघींना एक खोकं दे, दोघींना माझ्या उथळ टोपल्या. एक डोक्यावर, एक कमरेवर. टोपल्यांचा माल खोक्याच्या दीडपट खाली आला पाहिजे. दीडपट. त्याहून एक पेरू कमी आला तर मालकाला सांग, सगळी खोकीच आणा."

सुनेनं चटकन तिच्याकडे बघितलं. दीडपट म्हणजे फारच झालं असं तिच्या तोंडावर होतं. म्हातारीलाही ते माहीत होतं. पण आकडा एवढा मोठा हवा होता की मुकादमाला नंतर मान फिरवता येऊ नये.

मुकादमानं खिशातलं पेन काढलं. कुणाला न दिसलेला पेरू तिनं स्वतः उचलून ठेवला होता. ते तो विसरला नव्हता. "बरं," तो म्हणाला. "मोजायला मी बसतो."

म्हातारी पुन्हा घरी गेली नाही, पण चढावरही गेली नाही. खाली माल उतरवायच्या जागी, बायांकडे पाठ करून, एका दगडावर बसली. मागून पावलं येत, ओझं टेकल्याचा आवाज होई, मुकादम आकडा म्हणे. खोकं यायचं तेव्हा दोघींची धाप ऐकू यायची आणि मध्येच कुणीतरी कुणाला, जरा हळू चल ना, मला ओढू नकोस, असं म्हणायची. टोपलीवाल्या एकेकट्या यायच्या. त्यांचा आवाज नव्हता. दुपारी एकदा खोकं घसरलं आणि चार झाडं खाली येऊन थांबलं. कुणी हसलं नाही, कारण धरणारीचा घोटा मुरगळला होता. तिच्या जागी दुसरी गेली. ऊन पाठीवर भाजत होतं. म्हातारीनं पाणी मागितलं नाही, सुनेनं आणून ठेवलं ते प्यायली.

दिवस कलला तेव्हा मुकादमानं बेरीज केली. खोकं ऐंशी पेरूंचं, अकरा खेपा, आठशे ऐंशी. टोपल्या पस्तीस पेरूंच्या, एकीजवळ दोन मिळून सत्तर, दोघींच्या वीस खेपा. चौदाशे. दीडपटीला तेराशे वीस पुरले असते.

त्यानं पेन खिशाला लावलं आणि सांगितलं, सपाटीवर खोकी, चढावर टोपल्या. चढाला पावणेदोनशे लागतील, सगळ्या उथळ, पहिल्या पन्नास बुधवारी. म्हातारीनं तीनशेचं नाव काढलं नाही. पावणेदोनशेत वर्ष काढायचं म्हणजे पोटाला चिमटा घ्यावा लागणार होता, पण ओसरीतल्या कोपऱ्यातली पिशवी रिकामी करता येणार होती.

वाटेत तिनं सुनेला विचारलं की सपाटीवरची खोकी परत हटवायची तर काय करता येईल. सून म्हणाली, अजून सुचलं नाही. "मग सुचव," म्हातारी म्हणाली. "नुसतं खोकून काय होणार आहे." दोघी थोडं अंतर तशाच चालल्या आणि मग सुनेला हसू आवरेना. म्हातारीनं तिला हसू दिलं.

शनिवारी सकाळी रस्त्यावर खाणीच्या ट्रकनं दोनदा हॉर्न दिला, थोडा थांबला आणि निघून गेला. मुलगा बांबू चिरत होता. त्यानं हात थांबवला नाही.

म्हातारी अंगठ्यांना नवी चिंधी बांधून बसली होती. तळ झाला, भिंत चढू लागली, चार बोटं, सहा बोटं, एक वीत. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. तेवढ्यात हातांनी आपणहून हौदातली पुढची लांब कामटी ओढली, ओली झटकली आणि आणखी एक फेरा चढवला. मग अर्धा. चाळीस वर्षं हे हात कोपराच्या वर चढल्याशिवाय थांबले नव्हते. तिनं खाली बघितलं. दीड फेरा जास्त होता. कुणी बघितलं नव्हतं आणि दीड फेऱ्यानं कुणाचं काही अडलंही नसतं. तिनं सुरी घेतली, तो दीड फेरा मुळापासून कापून टाकला आणि काठ वळायला घेतला.